पाव्हणं जेवलं का?

आमच्या फ्रीझरला तीन कप्पे आहेत. वरच्यात खवलेला नारळ, मधल्यात मटार आणि खालच्यात उंदीर. त्यामुळे घरी कुणी आलं की सरबतात टाकायला बर्फ मी स्वतः उठून काढतो. "अहो, तुम्ही बसा ना," असं मी ज्या कळवळ्यानं म्हणतो, त्यावरून लेस्टरच्या मराठी मंडळात माझा पाहुणचार फार वाखाणला जातो.

लेस्टर हे शहर हरवलेले राजे सापडण्यासाठी प्रसिद्ध आहे. १४८५ साली लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२मध्ये इथल्या एका कार पार्कखाली निघाला. आमच्या वाट्याचा राजा वरच्या मजल्यावरच्या कपाटात निघाला, आणि तो जिवंत होता. रॉयल पायथन. शास्त्रीय नावातही ‘रेजियस’ म्हणजे राजेशाही. क्लिओपात्रा हा साप मनगटात कड्यासारखा घालायची, अशी एक दंतकथा आहे. आमच्या राजाकडे बघून मात्र क्लिओपात्रानं हात मागं घेतला असता.

वरचा भाडेकरू रातोरात खोली सोडून गेला. मागं राहिली एक गादी, पिझ्झाचे सात खोके आणि कपाटात काचेचं दार असलेली लाकडी पेटी. पेटीत विझलेला दिवा, कोरडी वाटी आणि कोपऱ्यात एक वेटोळं. घरमालक थेट आमच्या दारात आला. "तुम्ही इंडियाचे ना?" एवढाच त्याचा युक्तिवाद. मी वाळवा तालुक्यातला, हे खरं. पण माझं सापविषयक शिक्षण एवढंच की साप दिसला की किंचाळायचं, पाय वर घ्यायचे आणि जो सगळ्यात शहाणा वाटतो त्याला काठी आणायला पाठवायचं.

प्राण्यांच्या निवारा केंद्राला फोन केला. जागा नव्हती. "थोडे दिवस सांभाळाल का?" असं तिथल्या बाईंनी विचारलं. आमच्या नातेवाइकांमुळे ‘थोडे दिवस’ या कालावधीची मला चांगली कल्पना होती. मी आवंढा गिळला, तेवढ्यात माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं फोनमध्ये तोंड घालून "यस!" सांगून टाकलं.

आता प्रश्न होता आईचा. आई आठवड्यापूर्वीच सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. ती नागांच्या पूजेसाठी प्रसिद्ध बत्तीस शिराळ्याजवळची, तरी म्हटलं, आता ही पहिल्या विमानानं परत जाणार. आई आली, चष्मा लावला, काचेला नाक टेकवून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाली, "किती वाळलंय रं हे! पाव्हणं उपाशी हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला दुसरं नाव राहिलं नाही.

पाव्हणं खरंच वाळलं होतं. निरोगी अजगर गोल, भरीव, पोत्याच्या सुतळीच्या जाड दोरासारखा लागतो. याची पाठ कौलारू घरासारखी झाली होती. मधे कण्याचा आढा, दोन्ही बाजूंनी उतार. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन ६१२ ग्रॅम. हे वजन आम्ही केकचं पीठ मोजायच्या काट्यावर केलं. त्यानंतर आमच्या घरात केक झालेला नाही. अंगभर जुन्या कातीचे तुकडे भिंतीच्या पोपड्यांसारखे चिकटलेले. डोळ्यांवर दुधी पापुद्रे. खवल्यांच्या सांदीत मोहरीहून बारीक काळ्या गोचिड्या. आणि श्वास घेताना नाकपुडीशी बुडबुडा यायचा, शिट्टी वाजायची.

सापांच्या डॉक्टरीणबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला. असा साप दुकानात पन्नासेक पौंडांत मिळतो. त्यांच्या पहिल्या भेटीचं बिल त्याहून जास्त झालं. रिक्षापेक्षा टायर महाग. बाईंनी त्याच्या तोंडात बघितलं, छातीला नळी लावली. सापाला छाती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्यांनाच ठाऊक. म्हणाल्या, फुप्फुसात संसर्ग आहे. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. हे ऐकून माझं मन भरून आलं. आमचे वडील पहाटे पाच वाजता जे खोकायचे त्यानं गल्ली उठायची. आणि हा बिचारा आतल्या आत.

"दर ७२ तासांनी इंजेक्शन. घरी द्या," बाई म्हणाल्या.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढून विक्रम केला होता. मी एका बिनविषारी, अर्ध्या वजनाच्या, सर्दी झालेल्या सापाबरोबर ७२ तास काढले, तेही दुसऱ्या खोलीत बसून. शेवटी त्याला सुई टोचायची होती हे जमेस धरता दोन्ही पराक्रम तुल्यबळ मानायला हरकत नाही.

टोचायची कुठे, हा पहिला प्रश्न. सापाला दंड नाही, आणि पाठ जिथं संपून बाकीचं सुरू होतं ती जागाही नाही. बाईंनी सांगून ठेवलं होतं, शरीराच्या पुढच्या एक तृतीयांश भागात. मागच्या भागात टोचलं तर औषध मूत्रपिंडाच्या वाटेनं लवकर निघून जायचा धोका. मग मी टॉवेलात धरायचं, बायकोनं टोचायचं, मुलीनं वहीत लिहायचं आणि आईनं बाजूला उभं राहून "आस्तिक, आस्तिक" म्हणायचं, अशी वाटणी झाली. मी आईला म्हटलं, "अगं, ते साप लांब पळावा म्हणून म्हणतात." "मग?" आई म्हणाली, "मी कुणाला म्हणत्ये? तू धरलायस न्हवं घट्ट!" पाव्हणं जागचं हललं नाही. सुई बघून मीच मागं सरलो.

गोचिड्यांसाठी पेटीतलं सगळं काढून टाकलं, औषध फवारलं आणि तळाला स्वयंपाकघरातला पांढरा कागद अंथरला, म्हणजे काळा ठिपका दिसला की कळावा. रोज कोमट पाण्याचा टब. पाणी अंग बुडेल इतकंच, तोंड वर. आईनं याला ‘अभ्यंगस्नान’ म्हटलं आणि उटण्याची पुडी काढली, ती मी वेळेवर हिसकावली. आंघोळीनंतर ओल्या टॉवेलांच्या थरांतून त्याला आपलं आपण सरपटू द्यायचं, घासायचं नाही. टॉवेलात पोपडे उरायचे. डोळ्यांवरचे पापुद्रे चिमट्यानं ओढायचे नाहीत, अशी बाईंची सक्त ताकीद होती. सापाला पापण्या नसतात, प्रत्येक डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. दर कातीबरोबर तो निघतो. न निघालेले एकावर एक साचतात, पण चुकून खालचा जिवंत खवला ओढला तर डोळा जातो. "पुढच्या कातीची वाट बघा," त्या म्हणाल्या.

पेटीत उबदार टोकाला ३२ अंश, थंड टोकाला २६, हवेत दमटपणा, दोन्ही टोकांना अंग घासेल इतकी अरुंद, अंधारी ढोली. वर थर्मोस्टॅट. विजेचं बिल आलं तेव्हा ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण मला प्रथमच पौंडांत समजली. लेस्टरला जुलैत बाहेर १७ अंश होते. आई दोन स्वेटर घालून घरात फिरायची. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की या घरात सगळ्यात उबदार जागा सापाची आहे. तिनं खुर्ची ओढून पेटीला लावली. गुडघे काचेला टेकवून ती तिथं हरिपाठ म्हणायची. आत पाव्हणं, बाहेर आई, आणि दोघांची थंडी माझ्या पगारात भागत होती.

तीन आठवड्यांत शिट्टी थांबली. बुडबुडा गेला. आता जेवण.

इथं आईचा आणि डॉक्टरीणबाईंचा खटका उडणार, अशी माझी खात्री होती. कारण बाईंनी सांगितलं होतं, बरेच महिने उपाशी राहिलेल्या सापाला एकदम मोठं भक्ष्य द्यायचं नाही. शरीराची यंत्रणा मंदावलेली असते, आधी पाणी, मग अगदी छोटं जेवण, मधे मोठं अंतर. नाहीतर जेवणानंच जीव जायचा. हे मी आईला भीत भीत समजावलं. आई म्हणाली, "ह्यात काय सांगायचं? दुष्काळातनं आलेल्या माणसाला कुणी पुरणपोळी वाढतं व्हय? पेज देत्यात." बाईंना पदवी मिळवायला किती वर्षं लागली असतील कोण जाणे.

तर पेज आणायला आम्ही दुकानात गेलो. गोठवलेल्या उंदरांची आकारावरून नावं असतात. सगळ्यात लहान, केसही न आलेल्या पिल्लाला ‘पिंकी’ म्हणतात. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक पिंकी असते. "आजी, फ्रीझरमध्ये पिंकी आहे, हात लावू नकोस," असं मुलगी ओरडली तेव्हा फोनवर आई आपल्या भावजयीशी बोलत होती. तिकडे इस्लामपुरात बराच वेळ शांतता पसरली.

आमच्या पाव्हण्याला बाईंनी पिंकीपेक्षा दोन पायऱ्या वरचा छोटा उंदीर सांगितला होता. मायक्रोवेव्ह वर्ज्य, आतून शिजतो आणि फुटतो. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. त्यासाठी एक तपेली वेगळी काढली आणि तिच्यावर मार्करनं ‘पाव्हणं’ लिहिलं. वाढायच्या आधी उंदराचं डोकं जरा जास्त गरम हवं. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्याला भक्ष्य दिसतं त्याहून जास्त ‘लागतं’. त्यासाठी मी बायकोचा हेअर ड्रायर वापरला. दुसऱ्या दिवशी तिला हे कळलं. तिसऱ्या दिवशी तिनं नवा आणला. चौथ्या दिवशी ती माझ्याशी बोलली.

पाव्हण्यानं उंदराकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. नाही. पुन्हा. नाही. रॉयल पायथन उपास धरतात, हे पाळणाऱ्यांच्या जगात सर्वश्रुत आहे. धडधाकट साप काही महिने तोंडात घास घेत नाहीत आणि त्यांना काही होत नाही. आईही आयुष्यभर चतुर्थ्या आणि एकादश्या करत आली आहे, पण तिच्या उपासाला साबुदाणा, रताळं, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी लागते. काहीच न खाता उपास करणारा प्राणी तिनं पहिल्यांदा बघितला. तिचा जीव राहीना.

आता मुद्दा आग्रहाचा येतो. आमच्याकडे प्रेम ही भावना नसून वाढप आहे. पंगतीत ताटावर आडवा हात धरला की वाढणारा त्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. "नको" म्हणजे एक, "खरंच नको" म्हणजे दोन आणि "देवाशपथ नको" म्हणजे "पाक थोडा जास्त घाला". आई या शाळेची मुख्याध्यापिका. पाव्हणं जेवेना म्हटल्यावर दर अर्ध्या तासाला ती काच सरकवायची. "पाव्हणं, जेवून घ्या. गार होतंय." रात्री उठून टॉर्च मारायची. उंदीर चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढं नाचवायची आणि वर "एक घास काऊचा" सुद्धा व्हायचं. पाव्हणं प्रत्येक वेळी डोकं मधे घेऊन गच्च चेंडू करायचं. या सवयीमुळेच त्याला अमेरिकेत ‘बॉल पायथन’ म्हणतात. डोकं मधे, वेटोळी बाहेर. सासुरवाडीच्या पंगतीत मला कैकदा असंच करावंसं वाटलं आहे.

बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा बघता त्याच्याकडे?" मी आकडा कमी करून सांगितला, तरी त्या दचकल्या. म्हणाल्या, "त्याला एकटं सोडा. उंदीर ढोलीच्या तोंडाशी ठेवा, दिवे घालवा, काच झाका आणि निघून जा. त्याला भूक लागायला तुमची गरज नाही."

हे आईला कोण सांगणार?

तेवढ्यात नागपंचमी आली. आईनं विळी, तवा बाजूला ठेवला. चिरायचं नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं उकडली. पाटावर नाग काढला, लाह्या वाहिल्या. मग एक अडचण उभी राहिली. हा अजगर. नाग नाही. याची पंचमी लागते का? आई म्हणाली, "न्हाई लागत. पर घरातलंच हाय, कसं वगळायचं?" मी तिला पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशाबद्दल सांगितलं. तिथं ओईदा गावात याच जातीच्या सापांचं देऊळ आहे. ते रात्री बाहेर सोडलेले कुणाच्या घरात शिरले तर लोक मारत नाहीत, उचलून देवळात आणून पोचवतात. आईचा चेहरा खुलला. "म्हंजे त्येचं पन शिराळं हाय म्हण की!" आणि ती वाटीत दूध घेऊन उठली.

मी म्हटलं, "आई, सापाला दूध पचत नाही."

"मग गारुड्याचा नाग कसा प्यायचा? आम्ही सगळ्या बाया दूध घेऊन जायचो. घटाघटा प्यायचा."

"त्याला आधी कितीतरी दिवस पाणी देत नसत. तहानेनं जीव चाललेला असला की समोर येईल ते पितो."

आई वाटी हातात धरून उभी राहिली. शिराळ्याला पूर्वी जिवंत नागांची पूजा व्हायची, पुढं कोर्टानं लगाम घातला आणि प्रतिमा आल्या. तेव्हा गावाबरोबर आईही हळहळली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "म्हंजे त्यो पानी मागत हुता, आनि आम्ही दुधाचा आग्रह करीत हुतो."

तिनं दूध फ्रिजमध्ये ठेवलं. पेटीतली पाण्याची वाटी काढली, घासली, ताजं पाणी भरलं. मग ट्रंकेतून जुन्या नऊवारीचा एक तुकडा काढून काचेवर पडद्यासारखा सोडला. खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या रात्री उंदीर मी ठेवला, दिवा तिनं घालवला. टॉर्च माझ्या हातात आणून दिला, "तुझ्यापाशी ठेव, माझा काय भरवसा न्हाई."

मध्यरात्री धप्प असा आवाज आला. चौघंही जागे होतो. चौघंही उठलो नाही. हा आमच्या घराण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा संयम.

सकाळी बशी रिकामी. पडद्याची कड उचलून आईनं बघितलं, गळ्याच्या खाली एक छोटा फुगवटा दिसला. आईनं इस्लामपूरला फोन लावला. तिकडे रांगेनं सगळ्यांना कळवण्यात आलं : पाव्हणं जेवलं. पिंकीला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी खाल्लं, हाही खुलासा झाला.

पुढचं सोपं होतं, म्हणजे हळू होतं. दर आठवड्याला एक, मग जरा मोठा. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. फ्रिजच्या दारावर वजनाचा कागद : ६४०, ६३१, ६७५. पहिल्यांदा विष्ठा झाली तेव्हा मुलीनं त्याचा फोटो मला ऑफिसात पाठवला. त्या वेळी माझी स्क्रीन मीटिंगमध्ये सगळ्यांना दिसत होती. तो विषय इथंच थांबवतो.

सप्टेंबरमध्ये त्याचे डोळे आणखी निळसर-दुधी झाले, अंग मळकट दिसू लागलं. आपल्याकडे एखाद्या महामंडळानं नवे बोर्ड लावले की पेपरात येतं, ‘महामंडळाने कात टाकली’. यात काही झळाळी असावी, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात कात टाकायच्या आधी साप जवळजवळ आंधळा असतो, चिडका असतो, जेवत नाही आणि कोपरा सोडत नाही. यात महामंडळाशी साम्य आहे ते एवढ्यापुरतंच. मग एका पहाटे त्यानं दगडाला नाक घासलं, ओठापाशी कड सुटली आणि तो मोजा उलटा काढावा तसा स्वतःतून बाहेर आला. कात एकसंध, नाकापासून शेपटीपर्यंत. आईनं ती तळहातावर उजेडात धरली. डोळ्यांच्या जागी दोन गोल होते, आणि प्रत्येकात घड्याळाच्या भिंगासारखे थर, एकावर एक. मी सुईच्या टोकानं मोजले, तीन. एक या वेळचा; आधीच्या दोन काती त्या माणसाच्या कपाटात निघाल्या होत्या, आणि दोन्ही वेळी डोळे मागंच राहिले होते.

पेटीत पाव्हण्यानं डोकं वर केलं. काळेभोर, स्वच्छ डोळे. जीभ बाहेर, आत. "आता बघतंय," आई म्हणाली, आणि पटकन पदर सारखा केला.

ऑक्टोबरात निवारा केंद्राचा फोन आला. जागा झाली होती. वजन ८७० ग्रॅम, श्वास मोकळा, दृष्टी ठीक. मी म्हटलं, "अजून जरा अशक्तपणा आहे." हा साप वीस-तीस वर्षं जगतो, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या मादीनं, पंधरा वर्षांहून जास्त काळ नराचं तोंडही न बघता, २०२० साली सात अंडी घातली. म्हणजे माझं घराचं कर्ज फिटेल, मी निवृत्त होईन, आणि पाव्हणं तरणंबांड असेल. तरी मी तसं म्हटलं. मागून मुलगी आणि आई दोघी टाळ्या देत होत्या.

आई जायच्या आदल्या रात्री मी उशिरा आलो. भूक नव्हती, म्हटलं तसं. मनातल्या मनात ताटावर हात आडवा धरून तयार राहिलो. आई काही बोलली नाही. पोळ्यांचा डबा टेबलाच्या कडेला ठेवला, भाजीवर ताटली झाकली, पाण्याचा तांब्या भरला. स्वयंपाकघराचा दिवा घालवला आणि झोपायला गेली.

मी अंधारात पाच पोळ्या खाल्ल्या.

सकाळी डबा उघडल्याचा आवाज आला, मग आईचा दबका आवाज. ती फोनवर इस्लामपूरला सांगत होती, "जेवलं."